नव्या प्रशिक्षकासाठी

मयुरी, मानखुर्दच्या बालगृहात गेल्या गेल्या स्लाइड लावू नकोस. समोर बसलेले तिथले कर्मचारी रात्रपाळी करून आलेले असतात. आधी एक पाळी त्यांच्यासोबत काढ. जेवणाची रांग, झोपायची वेळ, नवीन आलेलं मूल कुठे बसतं, सगळं नीट बघ.

मग 2015 चा बाल न्याय कायदा काढ. मूल 24 तासांत बालकल्याण समितीपुढे, म्हणजे त्याच्या काळजीचा निर्णय घेणाऱ्या समितीपुढे न्यायचं, हे त्यांना पाठ असतं. पण तोवर त्याच्याशी बोलायचं कसं? इथे भरपूर वेळ दे. ‘का पळालास?’च्या आधी ‘जेवलास का?’ विचारायचा सराव करून घे. अहवालात ‘मूल हट्टी’ दिसलं, तर नेमकं काय घडलं ते लिहायला लाव.

आणि घरभेट, म्हणजे मुलाच्या घरी जाऊन येणं, कधीच गाळू नकोस. कायद्यानेही मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचाच पर्याय आहे. मूल घरीच सांभाळायला मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेतून महिना 4000 रुपये मिळू शकतात, हे कितीतरी आयांना माहीतच नसतं.