एन्क्रिप्शनला आडवा येतो तो आपलाच परवाना

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करतो. फावल्या वेळात दवाखान्यांसाठी रुग्णांच्या नोंदी ठेवणारे ओपन सोर्स सॉफ्टवेअर लिहिले. कोड अमेरिकी सर्व्हरवर आहे, परवाना फक्त जीपीएल आवृत्ती 2 (कोड खुला वाटू देणारा, पण त्यावर आधारलेला कोडही त्याच अटींवर द्यायला लावणारा). आणखी काही जणांनी त्यात कोड लिहिला आहे. आता इन्स्टॉलरमध्येच ओपनएसएसएल ही तयार लायब्ररी देऊन नोंदी एन्क्रिप्ट करायच्या, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाहीत अशा करायच्या आहेत. मित्र म्हणतो, दोन्ही देशांच्या सरकारांची परवानगी लागेल, त्यापेक्षा स्वतःचा अल्गोरिदम लिही.

उत्तर : मित्राचे ऐकू नका. प्रचलित पद्धत वापरणारा, सर्वांना खुला असलेला सोर्स कोड प्रसिद्ध करायला अमेरिकेत परवाना लागत नाही. पूर्वी बीआयएस (तिथले निर्यात नियंत्रण खाते) आणि एनएसए (गुप्तचर संस्था) यांना ई-मेलने कळवावे लागे; मार्च 2021 पासून तेही फक्त प्रचलित नसलेल्या एन्क्रिप्शन पद्धतींपुरते उरले. घरगुती अल्गोरिदम त्यात मोडतो का, हा वाद विनाकारण कशाला ओढवून घ्यायचा? शिवाय तो फुटण्याचीच शक्यता जास्त.

आपल्याकडे स्कोमेट या निर्यात नियंत्रणाच्या सरकारी यादीच्या आठव्या प्रवर्गात एन्क्रिप्शन येते, पण पुढे वाटण्यावर बंधन नसलेले सॉफ्टवेअर त्यातून वगळले आहे. कॉपीराइट असल्याने ही सवलत जात नाही. उद्या बंदिस्त आवृत्ती परदेशी ग्राहकाला विकलीत, तर मात्र नव्याने तपासावे लागेल. आयटी कायद्याच्या कलम 84अ खाली एन्क्रिप्शनचे धोरण 2015 मध्ये मसुद्यापर्यंत आले आणि लगेच मागे घेतले गेले, म्हणून तेही आडवे येत नाही.

तुमची खरी अडचण परवान्यात आहे. ओपनएसएसएल 3.0 पासून अपाचे 2.0 या दुसऱ्या ओपन सोर्स परवान्याखाली आहे. त्याच्या पेटंटविषयक अटी जीपीएल 2 शी जुळत नाहीत. जुन्या आवृत्त्यांत जाहिरातीत श्रेय देण्याच्या अटीमुळे हाच तंटा होता, आणि 1.1.1 ची मोफत देखभाल 2023 मध्ये संपली. ऑपरेटिंग सिस्टिमसोबत येणाऱ्या लायब्ररींना जीपीएलमध्ये सवलत आहे, पण तुम्ही ती इन्स्टॉलरमधून देणार, म्हणजे तो आधार गेला.

तुमच्या परवान्यात 'किंवा नंतरची आवृत्ती' असे घालता येईल (जीपीएल 3 अपाचे 2.0 शी जुळते), किंवा ओपनएसएसएलपुरता अपवाद जोडता येईल. दोन्हींसाठी कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाची लेखी संमती हवी. कॉपीराइट कायद्याच्या कलम 30 मधून 2012 साली सहीची अट गेली, त्यामुळे ई-मेल पुरेसा आहे. एकाने जरी उत्तर दिले नाही, तर त्याचा भाग काढून नव्याने लिहावा लागेल. मी तुमच्या जागी असतो तर लिबसोडियम ही एन्क्रिप्शनची दुसरी लायब्ररी घेतली असती. तिचा आयएससी परवाना जीपीएल 2 शी जुळतो, कोणाच्या मागे लागायला नको.

नोंदी तुमच्या सर्व्हरवर ठेवणार असाल, तर आयटी कायद्याच्या कलम 69 खाली त्या उलगडून देण्याचा सरकारी आदेश येऊ शकतो. 2009 च्या नियमांनुसार मध्यस्थावरची (इतरांची माहिती साठवणाऱ्यावरची, इथे तुमच्यावरची) ही जबाबदारी त्याने स्वतः केलेल्या एन्क्रिप्शनपुरती किंवा त्याच्या ताब्यातल्या किल्लीपुरती असते. किल्ली दवाखान्याकडेच राहू द्या, आणि एन्क्रिप्शनही तिथल्याच संगणकावर होऊ द्या.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही : नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा मालक कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार कंपनी असते. नियुक्तीपत्रातले बौद्धिक संपदेचे कलम वाचा. त्यात फावल्या वेळातले कामही ओढलेले असेल, तर पहिली संमती तुमच्या कंपनीकडूनच घ्यावी लागेल.