ॲसिडोसिस म्हणजे ‘आम्लता’ का?

विचारणा थोडक्यात अशी: वडिलांच्या एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) रिपोर्टवर ‘मेटाबॉलिक ॲसिडोसिस’ असा शेरा आहे आणि पीएच आहे ७.३३. शाळेत तर शिकलो की सातच्या खाली आम्ल आणि वर अल्क. मग ही आम्लता कुठली? शिवाय मराठीत ‘आम्लता’ म्हटलं की घरचे म्हणतात, ‘ॲसिडिटीच ना, द्या पित्ताची गोळी.’ मग नेमका शब्द कोणता?

आधी पित्ताचं मिटवू. ॲसिडिटी जठरातली. तिथला सामू एक-दोनपर्यंत उतरतो आणि अन्न पचायला तो तसाच लागतो. (सामू म्हणजे पीएच. माती परीक्षणाचा कागद पाहिलेल्या शेतकऱ्याला हा शब्द सांगावा लागत नाही, शहरातल्यांना लागतो.) ॲसिडोसिसचा संबंध रक्ताशी. दोघांचं नातं केवळ नावापुरतं, इतकं की उलट्यांवाटे जठरातलं आम्ल भरपूर बाहेर गेलं तर रक्त अल्काकडे सरकतं.

आता सातची रेघ. ती २५ अंश सेल्सिअसच्या शुद्ध पाण्याची. शरीराच्या ३७ अंशांना तटस्थ बिंदू ६.८च्या आसपास येतो. धमनीतल्या रक्ताचा सामू निरोगी माणसात ७.३५ ते ७.४५, म्हणजे रसायनशास्त्राच्या हिशेबाने रक्त कायम अल्काच्याच बाजूला. ७.३३चं रक्तही अल्कच. डॉक्टर तुलना करतात ती सातशी नाही, ७.४०शी.

खरी मेख प्रत्ययांत आहे. ग्रीकमधून आलेला ‘-ईमिया’ रक्ताची स्थिती सांगतो. ॲनिमिया, ल्युकेमिया आपल्या ओळखीचे आहेत. म्हणून ॲसिडीमिया म्हणजे सामू ७.३५च्या खाली गेलेला असणं. ‘-ओसिस’ या विषयात प्रक्रियेसाठी राखलाय: रक्ताला आम्लाकडे ओढणारं काहीतरी चालू आहे. ओढणारे दोघे. रक्तात आम्ल बनवणारा कार्बन डायऑक्साइड फुप्फुसांतून बाहेर पडेना, तर रेस्पिरेटरी. आम्लाला आवर घालणारं बायकार्बोनेट घटलं, तर मेटाबॉलिक. ओढ असली म्हणजे रक्त तिकडे गेलंच असेल असं नाही.

हा शब्दच्छल वाटत असेल तर १९५२चं कोपनहेगन आठवावं. पोलिओची भीषण साथ होती आणि ब्लेगडाम रुग्णालयात गिळण्याचे, श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण येत होते. पहिल्या तीन आठवड्यांत श्वसनयंत्रावर ठेवलेल्या ३१ जणांपैकी २७ दगावले. त्यांच्या रक्तात बायकार्बोनेट चढलेलं दिसे. बायकार्बोनेट जास्त म्हणजे अल्कलोसिस, रक्ताची अल्काकडची ओढ, असा अर्थ लावला गेला. या अल्कलोसिसचं कारण काही सापडेना, आणि रक्ताचा सामू मात्र कुणी मोजत नव्हतं.

ब्यॉर्न इब्सेन हे भूलतज्ज्ञ. श्वास अपुरा पडला की कार्बन डायऑक्साइड साचतो आणि बायकार्बोनेट त्याच्यासोबत चढतं, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांचं म्हणणं, हा अल्कलोसिस नव्हेच, हा रेस्पिरेटरी ॲसिडोसिस. २७ ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवली. ती तडफडत होती, म्हणून भुलीचं औषध दिलं आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिच्या फुप्फुसांत हवा भरायला सुरुवात केली. मुलगी सावरली. पुढे वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रुग्णांच्या उशाशी पिशव्या दाबत बसले आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. आजचा आयसीयू तिथून सुरू झाला असं मानतात. बायकार्बोनेटचा जो आकडा इतरांसमोर होता, तोच इब्सेन यांच्यासमोरही होता. बदललं ते त्याला दिलेलं नाव, आणि नावासोबत उपचार.

उलटं उदाहरणही घ्या, मी रचलेलं, पण वॉर्डात सहज भेटेल असं. मधुमेही बाई, इन्सुलिन चुकलंय, दोन दिवस उलट्या. सामू ७.४०, कार्बन डायऑक्साइड ४०, बायकार्बोनेट २४. सगळं पुस्तकातल्यासारखं. पण सोडियम १४० आणि क्लोराइड ९०. सोडियममधून क्लोराइड व बायकार्बोनेट वजा केले की साधारण १२ उरायला हवेत, इथे उरतात २६. हे जादा १४ कुठल्या तरी न मोजलेल्या आम्लाचे, इथे बहुधा इन्सुलिनअभावी चरबीपासून बनणाऱ्या कीटोन आम्लांचे. म्हणजे एकीकडे कीटोॲसिडोसिस, दुसरीकडे उलट्यांमुळे अल्कलोसिस, आणि रस्सीखेच बरोबरीत सुटलेली. ॲसिडोसिस आहे, ॲसिडीमिया नाही. दोन्हींना ‘आम्लता’ म्हणणाऱ्या मराठीत हे वाक्यच लिहिता येणार नाही.

म्हणून माझं मत: ॲसिडीमियाला ‘आम्लरक्तता’ चालेल. ॲसिडोसिसला ओढ दाखवणारा शब्द हवा, ‘आम्लकल’ मला पटतो. पण रिपोर्ट समजावताना ॲसिडोसिस हाच शब्द ठेवावा. डायलिसिस रुळला तसा हाही रुळेल.

अल्कलोसिससाठी ‘क्षारता’ मात्र वापरू नये. आयुर्वेदात क्षार अल्काच्या जवळचा, पाठ्यपुस्तकात क्षार म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्या उदासिनीकरणातून बनणारं मीठ, बोलण्यात बोअरच्या पाण्यातला पांढरा थर. याबाबत शेतकरी आपल्यापेक्षा काटेकोर आहेत: क्षार साचलेली जमीन क्षारपड, आणि सोडियम वाढून सामू साडेआठच्या वर गेलेली ती चोपण. चोपण जमिनीला जिप्सम लागतं, नुसतं पाणी देऊन ती सुधारत नाही. रक्तासाठी तेवढी फोड ‘अल्क’ या शब्दाने होते, तर ‘अल्ककल’ कानाला कितीही टोचला तरी ‘क्षारता’पेक्षा बरा.