जुन्या गोट्या ओळखताना रंगाकडे शेवटी बघा

जुन्या काचेच्या गोट्या जमवायचा छान छंद धरलात! फक्त रंग पाहून नाव ठरवायची घाई करू नका, बहुतेक नवे तिथेच फसतात. आधी भिंग घ्या आणि गोटी उजेडात सावकाश फिरवा.

जर्मनीतल्या लाउशा भागात हाताने केलेल्या गोट्या तापलेल्या काचेच्या कांडीवरून कापत. त्यामुळे टोकाला लहानसा खडबडीत किंवा घासलेला ठिपका राहतो, आणि आतले रंगीत पट्टे त्याच्याशीच येऊन संपतात. खेळताना उडालेला टवका कुठेही असतो, पट्ट्यांशी त्याचा संबंध नसतो. हा फरक नजरेत बसला की अर्धं काम झालं.

यंत्रावरच्या गोटीला असा ठिपका नसतो. अमेरिकेतल्या अ‍ॅक्रो अ‍ॅगेट कंपनीची ‘कॉर्कस्क्रू’ गोटी बघा: रंगाचा पट्टा मळसूत्रासारखा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो.

- आत रंगीत पाती असलेली ‘कॅट्स आय’ दुसऱ्या महायुद्धानंतरची. तिला जुनी समजून पैसे मोजू नका.
- फिकट हिरवी, बिननक्षीची गोटी बहुधा गोटी सोड्याच्या बाटलीतली.
- पॉलिश अजिबात नको! मूळ पृष्ठभाग गेला की किंमत उतरते, ओळखीच्या खुणाही पुसल्या जातात.

बाकी कंपन्यांची नावं सध्या राहू द्या. एखादी अडली तर दोन्ही टोकांचे फोटो दाखवा.