सबसी इंजिनिअरिंगच्या प्रास्ताविक कोर्सआधी काय शिकून ठेवावं?

तुमचा प्रश्न असा: कलाभवनातून (एम. एस. विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून) मेकॅनिकल झालंय, बडोद्यातच एका डिझाइन ऑफिसच्या सबसी, म्हणजे समुद्रतळावरच्या तेल-वायू उपकरणांच्या विभागात रुजू होताय, लगेच पाच दिवसांचा प्रास्ताविक कोर्स आहे, तर तयारी काय करावी?

उपकरणांची नावं पाठ करत बसू नका. ख्रिसमस ट्री (विहिरीच्या तोंडावरचा व्हॉल्व्हचा संच), मॅनिफोल्ड (अनेक विहिरींचा वायू एकत्र करणारा सांगाडा), जंपर (दोन उपकरणं जोडणारा छोटा पाइप), अंबिलिकल (हायड्रॉलिक आणि विजेच्या लाइन एकत्र नेणारी जाड केबल) हे शब्द ऑफिसात आपोआप तोंडी बसतात. मोठ्या कागदावर दोन वाटा काढा. एक वायूची: विहीर, ट्री, जंपर, मॅनिफोल्ड, पाइपलाइन, किनारा. दुसरी हुकमाची, उलट दिशेने: कंट्रोल रूम, हायड्रॉलिक पॉवर युनिट (द्रवाला दाब देणारं यंत्र), अंबिलिकल, ट्रीवरचं कंट्रोल मॉड्यूल आणि शेवटी व्हॉल्व्ह. कोर्समधलं प्रत्येक लेक्चर या कागदावर कुठे बसतं ते लिहीत चला. दुसरी वाट अर्ध्या तासात उरकणारा कोर्स मी अपुरा मानतो.

बडोद्यात ओएनजीसीतून निवृत्त झालेले काका घरोघरी सापडतील. त्यांच्याशी जरूर बोला, पण एक फरक लक्षात असू द्या. मुंबई हाय साधारण ७५ मीटर पाण्यात आहे आणि तिथल्या बहुतेक विहिरींचे व्हॉल्व्ह प्लॅटफॉर्मवर, हाताच्या अंतरावर असतात. पूर्व किनाऱ्यावरच्या केजी-डी६ या वायूक्षेत्रातलं आर क्लस्टर २००० मीटरहून खोल आहे. तिथे माणूस पोचतच नाही, सगळं काम आरओव्ही, म्हणजे वरून चालवला जाणारा पाण्याखालचा रोबो करतो. म्हणून व्हॉल्व्हच्या ड्रॉइंगवर आरओव्हीच्या टॉर्क टूलचा (व्हॉल्व्ह पिळून फिरवणाऱ्या अवजाराचा) क्लास बघायची सवय लावून घ्या: क्लास १ ला कमाल ६७ न्यूटन-मीटर, क्लास ४ ला २७११. चुकीचं टूल लावलं की स्टेम (व्हॉल्व्ह फिरवणारा दांडा) पिळवटून तुटतो, आणि मग दुरुस्तीसाठी जहाज बोलवावं लागतं.

दाबाचा हिशोब पक्का करा. दर १० मीटरला साधारण १ बार, म्हणजे २००० मीटरला २०० बार. कंट्रोल लाइनमधल्या द्रवाचा स्तंभही जवळपास तेवढाच दाब देतो, त्यामुळे बाहेरचा आणि आतला दाब बऱ्यापैकी फिटतो. वायूने भरलेल्या पाइपमध्ये तसं होत नाही. वरून दाब उतरवला की आत थोडेच बार उरतात आणि बाहेरचे २०० बार पाइप चेपायला बघतात. नवशिक्यांची गल्लत नेमकी इथे होते.

सगळ्यात जास्त वेळ हायड्रेटला, म्हणजे वायू आणि पाणी मिळून जमणाऱ्या घन गुठळीला द्या. समुद्रतळावर तापमान ४ अंशांच्या आसपास असतं, आणि तेवढ्या थंडीत शुद्ध मिथेनचंही पाण्यासोबत साधारण ४० बारच्या वर बर्फासारखं हायड्रेट जमू शकतं. वाहता वायू गरम असतो तोवर निभावतं. विहीर बंद करून पुन्हा सुरू करताना खरा धोका असतो, म्हणून हायड्रेट जमू नये यासाठी मेथनॉल किंवा एमईजी (एक प्रकारचं ग्लायकॉल) सोडतात. गुठळी अडकलीच तर दोन्ही बाजूंचा दाब सारखा उतरवायचा. एकाच बाजूने उतरवला तर गुठळी सुटून गोळीसारखी धावते आणि पुढचं वळण फोडते. मधूनच गरम करणंही घातक, कारण एक घनफूट हायड्रेटमधून सुमारे १६० घनफूट वायू सुटतो आणि त्याला जायला वाट नसते.

हुकमाच्या वाटेवर घात करते ती घाण. कंट्रोल मॉड्यूलमधल्या व्हॉल्व्हची छिद्रं इतकी बारीक असतात की डोळ्यांना न दिसणारा कणही त्यांना अडकवतो. म्हणून द्रवाची स्वच्छता सहसा एनएएस ६ (द्रवातले कण मोजून ठरवलेली स्वच्छतेची श्रेणी) मागतात, आणि नमुना स्वच्छ येईपर्यंत फ्लशिंग, म्हणजे द्रव फिरवून लाइन धुणं, चालूच ठेवतात.

बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत ओळखीने एखादी हायड्रोटेस्ट (पाणी भरून दाबाची चाचणी) बघता आली तर कोर्सआधीच बघा. १०,००० पीएसआय दाबाच्या व्हॉल्व्हची बॉडी १५,००० ला तपासतात. दाब स्थिरावला, बाहेरून पूर्ण कोरडं केलं आणि पंप वेगळा केला, की मगच वेळ मोजायचा. आत हवा अडकली असेल तर दाबाच्या चार्टवरची रेघ खाली घसरत राहते आणि गळती नसतानाही गळतीचा भास होतो. ती रेघ वाचायला तिथल्या टेस्टिंगवाल्याकडूनच शिका.

वाचायचंच तर एपीआय या अमेरिकन संस्थेची मानकं: आधी सबसी यंत्रणेसाठी १७ए, मग ट्रीसाठी १७डी. समुद्रावर जाणाऱ्यांसाठीच्या बोसिएटवर मात्र आत्ता स्वतःचे पैसे घालू नका. तीन दिवसांचा तो सुरक्षा कोर्स चार वर्षांनी बाद होतो आणि टेबलावर काम करणाऱ्याला लागत नाही. समुद्रावर पाठवायची वेळ आली की कंपनीकडे मागा.