सॅव्हानात दोघं: घाई करू नका

पहिल्यांदाच अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या सॅव्हाना शहराला निघालाय ना, मग एक ऐका: यादी करू नका. अटलांटाहून गाडीने चारेक तास लागतात. पोचलात की गाडी हॉटेलात लावा आणि विसरा; जुनं शहर पायीच फिरायचं. १७३३ मध्ये जॉर्जिया वसाहतीचा संस्थापक जेम्स ओगलथॉर्पने वसवलेल्या या गावात छोट्या बागांसारखे २२ चौक अजून शाबूत आहेत, आणि खरी सुट्टी तिथल्या बाकांवरच. वर ओकच्या फांद्यांवरून लोंबणारं करडं स्पॅनिश मॉस, खाली गार सावली. चार पावलं चाललं की पुढचा चौक. आवडला की बसा. आम्ही पहिल्या खेपेला सगळे चौक एका दिवसात ‘उरकले’, आणि संध्याकाळी बायको पाय चोळत गप्प बसली होती!

फोर्साइथ पार्कातलं १८५८चं कारंजं सकाळी लवकर बघा. रिव्हर स्ट्रीटला उंच टाचा नकोत, तिथली फरसबंदी ओबडधोबड आहे. लिओपोल्ड्सच्या आइस्क्रीमची रांग लांब असते, तरी उभे राहाच. जुलै-ऑगस्टात कोकणातला मे आठवेल इतका घाम येतो. मार्चमधल्या सेंट पॅट्रिक्स डे या आयरिश सणाच्या गर्दीत तर मुळीच जाऊ नका. एक दुपार टायबी बेटावरच्या समुद्रासाठी ठेवा. गाडी तेवढ्यापुरती बाहेर काढा.