थेरपीत मी रडले की समुपदेशक म्हणतात, "हा बचाव आहे." म्हणजे माझं रडणं खोटं आहे का?

खोटं कशाला असेल? नाटक करणाऱ्याला आपण नाटक करतोय हे ठाऊक असतं. बचाव म्हणजे नको असलेली भावना झाकायला मन दुसरीच पुढं करतं, आणि ते आपलं आपल्यालाच कळत नाही.

माझंच सांगते. आमची चोपडा तालुक्यात केळीची शेती. वडील गेल्यावर वर्षाच्या आत दादानं मला दुय्यम निबंधकाकडे नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा, हा 2005 चा कायदा मला पाठ होता. तरी केली. घरी आल्यावर वहिनीनं साडी दिली आणि मी ढसाढसा रडले. सगळ्यांना वाटलं, बापाची आठवण आली. मलाही तेच वाटलं. पुढं सहा वर्षं दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हेच. ताटात खापरावरची पुरणपोळी, आमरस, आणि माझं सुरू. "रडू नको वं बाई," म्हणत दादा पाठीवरून हात फिरवायचा. विषय तिथंच मिटायचा.

जळगावला समुपदेशनातही तसंच व्हायचं. दादाचं नाव निघालं की डोळे भरायचे आणि तास संपायचा. एकदा मॅडमनी टिश्यूचा डबा पुढं केलाच नाही. म्हणाल्या, "रडू फुटायच्या आधी हात काय करतात ते बघा." बघितलं तर मूठ वळलेली. सख्ख्या भावाचा राग!

मनोविश्लेषक आना फ्रॉइडनं 1936 मध्ये मनाच्या अशा बचावांवर अख्खं पुस्तक लिहिलं. आमच्या घरापुरतं सांगायचं तर पोरीचं रडणं चालतं, पोरीचा राग चालत नाही. मग मन चालतं तेच नाणं काढतं.

आमची आक्का म्हणते, बाईनं रडून मोकळं व्हावं. सहा वर्षं रडले की! मोकळी झाली ती जमीन, तीही दादाला. वर अमळनेरच्या साने गुरुजींचा दाखला देते. अगं, ते रडायचे, पण 1947 मध्ये पंढरपूरचं देऊळ हरिजनांना उघडावं म्हणून उपोषणालाही बसले. आपण रडून पुन्हा जेवायला बसतो.

आता, सगळंच रडणं असं नसतं. माणूस गेल्याचं रडू निराळं, त्यानंतर हलकं वाटतं. आणि कुणी पहिल्याच भेटीत "बचाव" म्हणून तुम्हाला गप्प करत असेल, तर समुपदेशक बदला.

सही व्हायची असेल तर थांबा, आधी वकिलाला कागद दाखवा. आक्का, तू वाचत असशील तर दादाला सांग, या आखाजीला मी येतेय. सातबाऱ्याचा उतारा काढून ठेवलाय.