ट्रम्पेट वाजलं की गाणं बुडतं : ऑर्केस्ट्राच्या साउंडविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेली बहुतेक पत्रं एकाच दुखण्याची आहेत. कीबोर्ड-ऑक्टोपॅडवर चालणाऱ्या ऑर्केस्ट्रात खरी ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन आली आणि नेहमीचं मिक्सिंग कोलमडलं. आधी एका शब्दाचा खुलासा. या ताफ्याला हॉर्न सेक्शन म्हणतात, पण आपल्याकडे हॉर्न म्हटलं की भोंगा डोळ्यांपुढे येतो, म्हणून इथे 'ब्रास' हाच शब्द वापरला आहे. सॅक्सोफोन पितळेचा असला तरी तोंडाशी बसवलेल्या पातळ पट्टीवर, म्हणजे रीडवर वाजतो. घराण्याने तो क्लॅरिनेटचा भाऊ, आणि माइक लावताना हा फरक फार महत्त्वाचा ठरतो.

प्रश्न : माझ्याकडे ३२ चॅनेलचा डिजिटल मिक्सर आहे. आजवर भजन, भाषण आणि छोटे ऑर्केस्ट्रा केले. आता १८ जणांच्या ऑर्केस्ट्राचं काम आलंय. ड्रम, बेस, दोन गिटार, दोन कीबोर्ड, ऑक्टोपॅड, तबला-ढोलक, कोंगो, चार गायक आणि ब्रासमध्ये दोन ट्रम्पेट, एक ट्रॉम्बोन, अल्टो आणि टेनर सॅक्स. तालमीला ट्रम्पेट कानाला टोचत होतं आणि सॅक्स सापडतच नव्हता. माइक किती आणि कुठे लावू?
— साउंडवाला, विडी घरकुल

उत्तर : आधी चॅनेल मोजू. ड्रमला ७ (किक, स्नेअर, हायहॅट, दोन टॉम, दोन ओव्हरहेड), बेस १, गिटार २, कीबोर्ड स्टिरिओ धरून ४, ऑक्टोपॅड २, तबल्याला २, ढोलकीला २, कोंगोला २, गायक ४, ब्रास ५ आणि निवेदकाचा १. बरोबर ३२. एखादी केबल मेली तर जागाच उरली नाही. म्हणून कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड मोनो घ्या, तीन चॅनेल मोकळे होतील. मैदानात कडेला बसलेल्या माणसाला तसंही एकाच बाजूचा स्पीकर ऐकू येतो, त्यामुळे स्टिरिओ गमावल्याची हळहळ नको.

ब्रासला प्रत्येकी एक माइक. पण त्याआधी उभं कुठे करायचं ते ठरवा, अर्धं मिक्सिंग तिथेच होतं. ट्रम्पेटचा तीव्र भाग टॉर्चच्या झोतासारखा बेलच्या (वाद्याच्या पसरट तोंडाच्या) नाकासमोर सरळ जातो. तो झोत गायकांच्या माइकवर पडला तर मिक्सरवर काहीही करा, ट्रम्पेट गायकाच्या चॅनेलमधूनच वाजणार. म्हणून ब्रासला स्टेजच्या एका कडेला, थोडं तिरपं उभं करा, म्हणजे बेलची रेषा गायकांना चुकवून प्रेक्षकांकडे जाईल. सॅक्स पुढच्या ओळीत, मागे फूटभर उंच पाटावर ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन. उंची यासाठी की बेल पुढच्या सॅक्सवाल्याच्या कानात नको, डोक्यावरून जावी.

ट्रम्पेटला साधा डायनॅमिक माइक पुरतो, एसएम ५७ जातीचा. बेलपासून एक फूट लांब, आणि तोंड बेलच्या मधोमध नव्हे, कडेकडे. तुम्हाला जे टोचत होतं ते बहुधा मधोमध लावलेल्या माइकमुळे. अंतर फूटभर का? वादक वाजवताना हलतो. माइक चार इंचांवर असला आणि वादक चार इंच मागे सरकला तर आवाज ६ डेसिबलने पडतो. बारा इंचांवर असताना तेवढाच सरकला तर जेमतेम अडीच डेसिबल. वाद्याचा आवाज इतका मोठा आहे की जवळ जाण्याची गरजच नाही. कंडेन्सर वापरत असाल तर २० डेसिबलचा पॅड (येणारा आवाज आधीच कमी करणारं बटण) दाबायला विसरू नका. माइक किंवा प्रीअँप फाटला की फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली घेऊन फक्त फाटका आवाज लहान होतो.

ट्रॉम्बोनची स्लाइड पूर्ण बाहेर आली की दोन फूट पुढे जाते. स्टँड तिच्या वाटेत ठेवला तर पहिल्याच लांब सुराला धडक. बेल वादकाच्या डावीकडे असते, स्टँड त्या बाजूने आणा.

आता सॅक्स. तो सापडत नव्हता, कारण माइक बेलच्या आत डोकावत असणार. सॅक्सचे अगदी खालचे सूर तेवढे बेलमधून निघतात, बाकीचे अंगावरच्या उघड्या छिद्रांतून. बेलमध्ये माइक घातला की खर्ज उसळतो, मधला भाग नाकात बोलल्यासारखा येतो. माइक दहा-बारा इंच लांब, बेलच्या काठाच्या उंचीवर, आणि तोंड वादकाच्या दोन हातांच्या मधल्या कळांकडे. क्लिपचा माइक असेल तरी त्याची मान कळांकडेच वळवा.

शेजारच्या दोन माइकमधलं अंतर हे माइक ते वाद्य अंतराच्या निदान तिप्पट ठेवा. फूटभरावर माइक म्हणजे वादकांत तीन फूट. नाहीतर एकच ट्रम्पेट दोन माइकमध्ये किंचित पुढे-मागे पोचतं आणि बेरीज पोकळ होते.

गेन (माइकचा आवाज मिक्सरमध्ये किती घ्यायचा ते) लावताना एकेकाला 'वाजव जरा' म्हणू नका. साउंडचेकला सगळे जपून वाजवतात, कार्यक्रमात टाळ्या पडल्या की तेच वादक सहज ६ डेसिबल वर जातात. गाण्यातला सगळ्यात जोरकस तुकडा पाचही जणांना मिळून वाजवायला सांगा आणि मीटरची शिखरं उणे १८ डेसिबलच्या आसपास ठेवा. लो-कट (ठरावीक पट्टीखालचा आवाज कापणारी सोय) सढळ हाताने लावा : ट्रम्पेटला १५० हर्ट्झ, अल्टोला १२०, टेनरला ९०, ट्रॉम्बोनला ७०. ही वाद्यं सहसा त्याखाली वाजत नाहीत, तिथे माइकमध्ये येते ती फक्त किक आणि बेसची घरघर.

मग ब्रासचे सगळे फेडर खाली ठेवून बाकीचा ताफा वाजवा आणि तीस फुटांवर जाऊन उभे राहा. ब्रास स्टेजवरूनच किती येतोय ते ऐका. उरलेलं तेवढंच स्पीकरमधून द्यायचं. आधी सॅक्स, मग ट्रॉम्बोन, ट्रम्पेट सगळ्यात शेवटी. पाचही चॅनेल एका डीसीएवर (अनेक चॅनेल एकदम हलवणाऱ्या फेडरवर) घ्या, म्हणजे गाण्यात एकाच बोटाने ताफा वर-खाली होईल. कॉम्प्रेसर (जोरकस आवाज आपोआप दाबणारी सोय) ब्रासच्या ग्रुपवर एकच : ३ ला १, अटॅक (दाबायला लागणारा वेळ) २० मिलिसेकंद, रिलीज (सोडायला लागणारा वेळ) १२० च्या आसपास, आणि जोरकस जागीच ३-४ डेसिबल दाबला जावा. अटॅक त्याहून जलद केला तर वादक जिभेने जो 'ता' मारतो तोच चेपतो आणि ब्रासची जान जाते.

प्रश्न : मी गायिका आहे. ब्रास सुरू झाला की मला समोरच्या मॉनिटर स्पीकरमध्ये माझाच आवाज येत नाही. वाढवायला सांगितलं की माइक शिट्टी मारतो. प्रेक्षकही म्हणतात, शब्द कळत नाहीत.
— जुळे सोलापूर

उत्तर : शब्द कळतात ते च, ट अशा व्यंजनांमुळे, आणि त्यांचा मोठा वाटा २ ते ४ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. ट्रम्पेटची धारही तिथेच. म्हणून साउंडवाल्याला सांगा की ताईंचा आवाज वाढवण्याआधी ब्रासच्या ग्रुपमध्ये ३ हजारच्या आसपास २-३ डेसिबल कमी कर. पुष्कळदा एवढ्यानेच शब्द वर येतात.

शिट्टीचं कारण बहुतेक वेळा मॉनिटरच्या जागेत असतं. एसएम ५८ सारखा कार्डिऑइड माइक बरोबर पाठीमागून बहिरा असतो, त्यामुळे मॉनिटर तुमच्या थेट समोर हवा. सुपरकार्डिऑइड माइक मात्र पाठीमागून थोडं ऐकतो. त्याची बहिरी जागा मागे दोन्ही बाजूंना, सुमारे १२६ अंशांवर असते, म्हणजे मॉनिटर समोर न ठेवता डावी-उजवीकडे सरकवायला हवेत. माइक बदलून मॉनिटर तिथेच ठेवला की शिट्टी ठरलेली.

तुमच्या हातातलंही काही आहे. माइकची जाळी मुठीत धरू नका. जाळीमागच्या फटी झाकल्या की माइक चहूकडून ऐकू लागतो. ब्रासचा तुकडा चालू असताना माइक ओठांपासून दोन इंचांवर ठेवा. सहा इंचांवर नेला तर तुमचा आवाज ९ डेसिबलहून जास्त पडतो आणि ट्रम्पेट मात्र माइकमध्ये तेवढंच राहतं.

साउंडवाल्यासाठी दोन गोष्टी. गायिकेच्या मॉनिटरमधून ब्रास पूर्ण काढा, तो तिला तसाच ऐकू येतोय. आणि ज्या गाण्यात ब्रास नाही तिथे पाचही माइक म्यूट ग्रुपने बंद करा. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टीआधीची मोकळीक ३ डेसिबलने घटते. हे काम गेटवर (हळू आवाज आपोआप बंद करणाऱ्या सोयीवर) सोपवू नका. सॅक्सचा हळुवार सूर गेट सुरुवातीलाच खातो.

प्रश्न : १४ एप्रिलच्या सुमारास आमचे कार्यक्रम लागोपाठ असतात. सूर जुळवूनही ब्रास कीबोर्डशी चढा लागतो. साउंडवाले म्हणतात, मिक्समध्ये सांभाळतो. खरंच जमतं का?
— बँडमास्तर, बाळीवेस

उत्तर : नाही जमत, मास्तर. बेसूर ब्रास मिक्सरवर फक्त लहान करता येतो. कारण हवेत आहे. गरम हवेत ध्वनी जलद जातो : २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर, ४० अंशांना ३५५. नळीची लांबी तीच, हवा जलद, म्हणून सूर चढतो. नळीतली हवा एका अंशाने तापली की साधारण ३ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराचा तीन शतांश. वादकाची फुंकर आधीच गरम असल्यामुळे प्रत्यक्ष फरक थोडा कमी पडतो, पण टेम्पोत उन्हात तापलेलं ट्रम्पेट काढून लगेच सूर जुळवला तर तो जुळवलेला सूर खोटाच. वर गिटारच्या तारा उन्हात सैल होऊन उतरतात. एक वर, एक खाली आणि मधे कीबोर्ड जागच्या जागी.

वाद्यं सावलीत ठेवा. स्टेजवर आणून दहा मिनिटं फुंकून घ्या, मगच जुळवा. ट्रम्पेट आणि टेनरला कीबोर्डची काळी पाच द्या, अल्टोला काळी दोन, म्हणजे प्रत्येकाला आपल्या वाद्याचा 'सी' वाजवून बघता येईल. चढा असेल तर ट्रम्पेटची ट्यूनिंग स्लाइड बाहेर ओढा, सॅक्सचं माउथपीस कॉर्कवर किंचित बाहेर ओढा. एवढं करूनही सगळा ताफा सारखाच चढा राहिला तर कीबोर्डचं मास्टर ट्यूनिंग ४४० वरून ४४२ करा. पण मग दुसरा कीबोर्ड, गिटार, बेस, तबला सगळ्यांना ४४२ वर आणावं लागेल. एकही सुटला तर आधीचंच बरं होतं. रात्री उशिरा हवा गार झाली आणि वाद्य दोन गाणी स्टँडवर बसलं की सूर पुन्हा खाली येतो, त्यामुळे ब्रासच्या गाण्याआधी अर्धा मिनिट फुंकून घ्या, आवाज न करता.

आणि ब्रासला स्वतःचा मॉनिटर मागा, त्यात फक्त कीबोर्ड आणि बेस. पुष्कळ ठिकाणी 'ब्रासला कशाला मॉनिटर' म्हणून तो दिलाच जात नाही. ज्याच्याशी सूर जुळवायचा तोच ऐकू येत नसेल तर वादकाने काय करावं?

प्रश्न : ब्रासला रिव्हर्ब (घुमारा) किती द्यावा?
— मुरारजी पेठ

उत्तर : मैदानात सव्वा सेकंदाचा 'प्लेट' जातीचा रिव्हर्ब, घुमारा सुरू होण्याआधी ३० मिलिसेकंद प्री-डिले, आणि इतका थोडा की बंद केल्यावरच कळावा. बंद सभागृहात शून्यापासून सुरुवात करा.

प्रश्न : मैदानात स्टेजपासून १०० फुटांवर स्पीकरची दुसरी जोडी लावतो. तिथल्या लोकांना ट्रम्पेटचा प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो.
— मंडळाचा कार्यकर्ता, साखर पेठ

उत्तर : वायरीतून आवाज लगेच पोचतो, हवेतून १०० फूट यायला वेळ लागतो. १०० फूट म्हणजे साडेतीस मीटर. एप्रिलच्या ४० अंशांत ८६ मिलिसेकंद, जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या दिवसांत रात्री २० अंश असेल तर ८९. मागच्या जोडीला तेवढा डिले (उशीर) द्या आणि वर १० ते १५ मिलिसेकंद वाढवा, म्हणजे आवाज स्टेजकडूनच येतोय असं वाटेल. ढोलकीत हा दोष लपतो, पण ट्रम्पेटचा तुटक ठोका तो उघडा पाडतो, म्हणून डिले तपासायला ट्रम्पेटच वाजवून घ्या. पुढच्या मुख्य स्पीकरांनाही थोडा डिले हवा : ब्रास त्यांच्या १२ फूट मागे उभा असेल तर १० मिलिसेकंद.

रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, सरकारने जाहीर केलेल्या मोजक्या दिवशीच १२ पर्यंत सवलत. डिले आणि साउंडचेक उजेड असतानाच उरका.

प्रश्न : हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या सभागृहात ब्रासच्या मागे चादरी टांगल्या तर आवाज कमी होईल का? आमच्याकडे चादरींना तोटा नाही.
— यंत्रमागधारक, अशोक चौक

उत्तर : ट्रम्पेट कमी होणार नाही. त्याचा आवाज पुढे जातो, मागे टांगलेली चादर त्याला भेटतच नाही. पण चादरींचा उपयोग वेगळा आहे. ड्रमची झांज मागच्या भिंतीवर आपटून ब्रासच्या माइकमध्ये शिरते, ते कमी होतं. भिंतीला चिकटवून एकेरी लावलेली चादर फक्त अगदी वरचे सूर खाते. जाड सोलापुरी चादर दुहेरी करा, चुण्या पाडा, आणि भिंतीपासून सहा इंच सोडून टांगा. मग साधारण ६०० हर्ट्झच्या वरचं बरंच शोषलं जातं. रुंदीच्या निम्मीच जागा झाकली जाईल इतक्या चुण्या घ्या, म्हणजे आठ फुटांच्या पट्ट्याला दुहेरी केलेली चादर सोळा फूट लागेल. बेस आणि किकवर याचा काही परिणाम नाही. सुती कापड आहे, पेटतं. गरम होणाऱ्या लाइटपासून निदान तीन फूट लांब ठेवा आणि टांगण्याआधी सभागृहाच्या व्यवस्थापकांना दाखवून परवानगी घ्या.